साठवर पंधरा

प्लायवूडवर पट्टी ठेवून मध्यापासून मोजत गेले.
तीसवर पावणेचार,
पंचेचाळीसवर साडेआठला जरा कमी,
साठवर पंधरा.
ठिपके जोडले तेव्हा एक ओंजळ दिसू लागली,
तिच्यातून ऊन सांडणार नाही
असं निदान कागद तरी म्हणत होता.

अंबडच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं
मी दुसऱ्यांचे साचे काढते,
गाडीच्या दाराची कडी, पंख्याची जाळी.
हे रविवारचं. माझं.
बारा बरगड्या, पातळ पट्ट्या,
आणि भद्रकालीतल्या एका बंद पडलेल्या सलूनचे आरसे
तीन-तीन बोटांचे तुकडे करून.
एका तुकड्यावर अजून
कुणाच्या तरी दाढीचा साबण वाळलेला होता.

वजीरभाईंच्या छातीची फिल्म
डॉक्टरांनी खिडकीशी धरून दाखवली होती.
भाता बंद. कोळसा बंद.
"मग कथील काय माझ्या फुंकरीनं वितळणार?"
दोनशे बत्तीस अंशांना वितळतं, मी म्हटलं.
परक्या गावच्या पाहुण्याचं नाव ऐकावं
तसा त्यांनी तो आकडा ऐकला.
ते कथील ओळखतात रंगावरून,
भांडं ओळखतात नवसागराच्या वासावरून,
आणि मला हाक मारतात "नकाशेवाली".

मे महिना, चौक मंडईतली गच्ची.
भर बाराला सावल्या पायांखाली शिरल्या
आणि तबकडी आभाळाकडे तोंड करून उताणी निजली.
कागदानं साठ सांगितलं होतं,
ओल्या गोणपाटानं त्रेसष्टला धूर काढला.
पट्टी कितीही वाकवा,
थोडी आपल्या स्वभावावर जातेच.
मी कडं तीन सेंटिमीटर वर सरकवलं.

काळे चष्मे. कड्यात तांब्याचं पातेलं.
चिमूटभर नवसागर, पांढरा धूर,
कथलाची कांडी टेकवली
आणि ती बुडाला पाणी झाली.
ना आच, ना आवाज.
वजीरभाई कापसाचा बोळा घेऊन वाकले.

कथील थिजलं.

ते मागे झाले. कथील पुन्हा हललं.
वाकले. पुन्हा राख.
तिसऱ्या खेपेला मी खाली पाहिलं:
आरशांच्या मधोमध एक डोकं, दोन खांदे,
एक उचललेला हात.
बरगड्या मोजल्या, आरसे मोजले,
कल्हई करणारा माणूस मोजायचा राहिला.

ते हसले, खोकले, मग नुसतेच हसले.
"चाळीस वर्षं जाळापुढे बसलो,
त्यानं कधी विचारलं नाही
मी कुठून वाकतोय."
पातेलं उतरवलं.
तळाचा अर्धा चंद्र पांढरा,
बाकी लालच्या लाल.
ते त्यांनी धुऊन, पुसून
कठड्यावर पालथं ठेवलं, कुणी विचारलं तर दाखवायला.

खालून सुनेनं जेवायला हाक मारली.
कुणीच उठलं नाही.
प्लायवूड मी उलटं केलं, कोऱ्या अंगावर.
ओंजळ नकोच.
एकच तळहात, बाजूनं धरलेला.
वाकणाऱ्याची सावली पडू दे
जिथं आरसाच नाही तिथं.
"आरसे मी चिकटवीन," ते म्हणाले,
"त्याला काही दम लागत नाही,"
आणि पट्टीचं दुसरं टोक दाबून बसले.

तीसच्या आतलं सगळं सोडलं.
नव्वदवर पावणेचौतीस.
एकशेवीसवर साठ,
म्हणजे पातेल्याच्या उंचीला.
खरं तर त्रेसष्ट.
ते मी आधीच लिहून ठेवलं.