चारचा पाय

कोरड्या पुलावर शनिवारी
आठच्या आत पोचावं लागतं.
नंतर नुसते पर्यटक येतात, आणि भाव.
खाली पाणी नाही म्हणून पूल कोरडा;
तिबिलिसीत याहून जास्त कुणी विचारत नाही.

मझियाने लोकरीच्या शालीवर मांडलं होतं
नवऱ्याचं मागे राहिलेलं:
जॅमच्या बरणीत स्क्रू,
गोळ्यांच्या डब्यांत चाकं,
आणि पातळ कागदात गुंडाळलेली
मॉस्कोची एक तबकडी.
‘चोपन्नची आहे. ओतारी सांगायचा.’

मी भिंग लावलं.
चाळीस वर्षं हा डोळा मी भाड्याने देतो.

आधी स्क्रू. निळा स्क्रू तिरका धरायचा.
आगीवर निळा झालेला असेल तर
रंग जागा सोडतो, जांभळ्याकडे सरकतो, परत येतो.
बाटलीतला निळा
कसाही फिरवा, तस्साच,
चौकीत पाठ केलेलं सांगणाऱ्यासारखा.
हे खरे होते. एकवीस मोजले.

मग तबकडी. मागचे दोन्ही पाय जागचे.
कडेला ओल चढलेली, तीही जुनी.
ओल खोटी करता येते, चहा पुरतो,
पण चहाचा डाग कडेपाशी बिचकत नाही.
मिनिटांच्या रेघा बारापाशी
एकमेकींना जेमतेम चुकलेल्या.
आणि चार.
चारच्या पायाला बारीक आकडी, गळासारखी,
जी छापताना होत नाही,
ब्रश उचलवला नाही की होते.

‘कुणीतरी पुन्हा रंगवलीय.’
‘कुणीतरी कशाला? त्यानेच.
रात्री, स्वयंपाकघरात.
मला श्वाससुद्धा घेऊ द्यायचा नाही.’

मूळ असती तर चारशे लारी.
रंगवलेली, तीस.
मी चाळीस दिले. वरचे दहा कशाचे
ते तिने विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

घरी खालच्या खणात माझी स्वतःची आहे,
कधीच न विकलेली.
तिच्यावरून मी पोरांना शिकवलं:
बघा, अस्सल असं असतं.
तिच्या जोडीच्या तीन
व्हिएन्नाच्या डॉक्टरला सहीनिशी लिहून दिल्या.

भिंग लावलं.
बराच वेळ तीनकडे बघितलं, पाचकडे,
जसं आजाऱ्याच्या घरी गेल्यावर
एक दार सोडून सगळं घर बघतात.
मग चार.

आकडी होती.

पुढच्या शनिवारी सातलाच गेलो,
खिशात चारशे लारी.
विचारायचं होतं, तो विकायचा कुणाला?
आणि माझं नाव
तुला आधीपासून माहीत होतं का?

तोंडातून निघालं ते दुसरंच:
‘त्याचा ब्रश आहे?’

तिने बरणी हलवली. तळातून वर आला
तीन केसांचा ब्रश,
झिजल्या खडूएवढा आखूड.
‘हा खरा की खोटा
ते तुम्हीच सांगा,’ म्हणाली,
आणि हसली नाही.