सारसाचा टोंगळा

पहिले मी एक डबा घेते. सहा बाजूंचा, रिकामा.
त्याला ओढते, चिमटते, कापते,
अकराव्या दिवशी त्याचा सारस होतो:
लाल टोपी घातल्यासारखं डोकं,
चोचीच्या कोपऱ्यात हसू म्हणून जरासं वळण.
(नागपूरचे सर म्हणाले, पोरांना आवडला पाहिजे,
डोळे मोठे कर. केले.
खऱ्या सारसाचे डोळे एवढे असते
तर त्याला पाण्यात मासा नाही, देव दिसला असता.)

मग हाडं.
कमरेत एक मूळ हाड, त्याला जोडून पाठ,
पाठीला मान. मानेला मी नऊ मणके दिले,
खऱ्याला किती असतात कोण जाणे.
बाप आणि पोर, पोराचं पोर, अशी ही रांग:
बाप वळला की पोर वळतं,
पोर वळलं तर बाप जागचा हलत नाही.
आमच्या घरी उलटं आहे.

मग रंग. कोणतं हाड कोणत्या कातड्याला किती ओढेल
ते रंगानं सांगायचं असतं.
लाल म्हणजे पूर्ण, निळा म्हणजे मुळीच नाही,
मधे पिवळा, हिरवा, थोडंथोडं.
रात्री साडेबाराला मी पंखाच्या काखेत पिवळा भरत होते
आणि लाइन गेली.
शेवटचं सेव्ह नऊचं.
बोरटोल्यात तेव्हा फक्त बेडूक जागे होते, आणि मी,
आणि जे मी बोलले ते इथं लिहीत नाही.

पायावर अडलं.
गुडघा पुढं वाकवला तर पक्षी म्हातारा दिसे,
मागं वाकवला तर मोडलेला.
चालवला की मधेच पिचे, उन्हात पडलेल्या पाइपासारखा.
फाइल सतरा, फाइल अठरा, अठरा-शेवटची,
अठरा-खरंच-शेवटची.

डोमाजी वलथरे हाडं बसवतात.
शेजारच्या शेळीसाठी आले होते,
काखेत बांबूच्या कामट्या, बोटांना तेल,
चहाला आमच्या छपरीत थांबले.
स्क्रीनकडे पाहत बसले. बशी ओठापाशी, तशीच.
"हा टोंगळा नोहोय, बाई."
मग?
"हे टाच होय. टोंगळा वर आहे, पिसांत लपला.
सारस जिंदगीभर चवड्यावर चालते."
आणि तेलकट बोटानं त्यांनी काचेवर,
पोटाच्या जरा खाली, एक ठिपका ठेवला.

त्यांनी एकदा बसवला होता, पोरगे असताना,
बोडीच्या बाजूच्या बांधीत सापडलेला,
कुत्र्यानं पाय धरलेला. तीन आठवडे कामट्यांत.
मंग काय झालं?
"मंग का होते. उडून गेला.
पैसे नाही देल्लन."

ते गेल्यावर मी ठिपक्यावर सांधा सरकवला.
टाच उचलली.
आत, कुणाला न दिसता, टोंगळा आपोआप वाकला
आणि पाय पाण्यातून निघाला.
पाणी मी अजून बनवलंच नव्हतं.

संध्याकाळी आई रोवण्यावरून आली.
मी नुकतीच फरशी पुसलेली, म्हणून
चिखलाच्या टाचा वर धरून, लुगडं सावरत,
छपरी ओलांडून गेली मोरीपर्यंत.
मी पाहत राहिले: चवडा, टाच, टोंगळा, कंबर.
"काय पाहतेस?"
काही नाही. पुन्हा एकदा चाल ना.
"येडी झालीस," ती म्हणाली,
आणि चालली नाही.

सोमवारी फाइल पाठवली. उत्तर आलं:
छान. टोपी अजून लाल हवी.
पायाबद्दल कुणी काही लिहिलं नाही,
म्हणजे पाय बरोबर होता.

आता बेडूक आला आहे करायला.
काचेवरचा तेलाचा ठिपका मी पुसला नाही.
बेडूक फिरवते तेव्हा तो आधी त्याच्या कपाळावर येतो,
मग पाठीवर,
मग जिथं अजून काहीच बनलेलं नाही, तिथं.