शेवटचा अ

सांगलीला तीन दिवस प्रशिक्षण झालं.
साहेब म्हणाले, नावं नकोत, आवाज शिकवा.
'कमळाचा क' आता बंद.
नुसता क्, पाय मोडलेला. मग त्यात अ मिसळायचा.
सावळजच्या बसमध्ये मी टाळूला जीभ लावून पाहत होते,
ट्, ठ्, ड्.
शेजारची बाई जरा सरकून बसली.

आणि खरं सांगते, चाललं.
तमन्ना मुलाणी, दिवाळीपर्यंत तोंड न उघडलेली,
एका सोमवारी उठली आणि
न शिकवलेला शब्द शेंगेसारखा फोडला:
म, ट, की. मटकी!
मग थांबेना. पोषण आहाराची पोती, पाण्याची टाकी,
'येथे थुंकू नये'.
सगळं फोडून खाल्लं तिनं.

सुयश हाक्के मात्र कमळापाशीच अडला.
क. म. ळ. "कमळऽअ."
जोडून म्हण. "कमळऽअ."
"बाई, मग त्यो शेवटचा अ जातो कुटं?"
तीन दिवसांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
म्हटलं, तो असतो रे, पण बोलत नाही.
"आमच्या चुलत्यागत," तो म्हणाला, आणि खाली बसला.
चार आणि पाच यांतला च एकच,
आणि एक नाही,
हे मी त्या दिवशी काढलंच नाही.

हाच सुयश बेदाण्याच्या शेडवर, आईच्या मागं,
रचलेल्या खोक्यांकडं लांबून बघून सांगतो,
ह्यो हिरवा, त्यो पिवळा, पलीकडं काळा,
चालीवरून माणूस ओळखावा तसा.
एकेक अक्षर फोड म्हटलं की गप्प.
आणि जिला सगळं फोडता येतं ती तमन्ना
परवा धडा घडाघडा वाचून गेली,
कुठं अडखळली नाही.
"गलबत म्हणजे काय गं?"
तिनं पुन्हा वाचून दाखवलं. जास्त मोठ्यानं.

तपासणीच्या तक्त्यात दोनच रकाने:
वाचतो. वाचत नाही.
अजून पेन्सिलीनंच भरलेत.

शुक्रवारी टेबलावर वहीचं फाडलेलं पान होतं:
'बाई मी उद्या येनार् न्हाई
शेड् वर् आईबर् जानार्'
जिथं जिथं अ बोलत नव्हता,
तिथं तिथं त्यानं पाय मोडला होता.

मी लाल पेनाचं टोपण काढलं.
बराच वेळ तसंच हातात होतं.