ओळ क्रमांक सातशे चाळीस

मत्रहच्या सुकात, लोबानाच्या गल्लीत,
हाजी मुर्तझांच्या दुकानी एक यंत्र आहे,
पिवळं पडलेलं, शिलाई मशिनीइतकं जड,
पोटात घड्याळ नसलेलं.
चालू केलं की खाकरतं, खरखरतं,
आणि हिरव्या अक्षरांत विचारतं: आज तारीख काय?
हाजी एन्टर दाबतात.
वेळ काय?
हाजी एन्टर दाबतात.
मग ते स्वतःच ठरवतं:
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, मंगळवार, मध्यरात्र.

एकवीस वर्षांची बिलं अशी एकाच मंगळवारची.
खरी तारीख हाजी पेनानं घालतात,
वर, कोपऱ्यात, अरबी आकड्यांत.

मला बोलावलं कारण ड्राइव्ह दात खायला लागला होता.
एरवी मी रुवीत बँकांची एटीएम उघडतो,
सुटीच्या दिवशी असली म्हातारी यंत्रं.
अकरा फ्लॉप्या, मोठ्या, ओल्या पापडासारख्या वाकणाऱ्या,
समुद्राच्या दमटपणानं आठांवर बुरशी.
खोलीवर नेल्या. स्पिरिट, कापूस, एसीखाली वाळवण.
वाचताना स्क्रीन अडायची:
अबॉर्ट, रीट्राय, फेल?
रीट्राय.
रीट्राय.
जप वगैरे नाही,
रेशनच्या खिडकीवर पुन्हा पुन्हा हात घालावा, तसं.
एकोणचाळिसाव्या वेळी सेक्टर सुटला.

सगळं लॅपटॉपवर उतरवलं. इम्युलेटर:
नव्याच्या पोटात जुनं,
आपण अजून त्याच लाकडी टेबलावर आहोत असं समजणारं.
पहिल्यांदा ते इतकं सुसाट सुटलं
की बेरीज दिसायच्या आधीच पुसली गेली.
वेग उतरवत गेलो, उतरवत गेलो,
हाजींच्या बोटाइतका झाला तेव्हा थांबलो.

मग प्रोग्राम उघडला. बेसिक.
पहिल्याच ओळीत शेरा, रोमन अक्षरांत मराठी:
तोरसकर य. भ., वेंगुर्ला. चूक दिसल्यास मला सांगणे.
मी खुर्ची जरा पुढे ओढली.
उधारीच्या खात्याचं नाव त्यानं ठेवलं होतं कटकट.
आणि सातशे चाळीस:
प्रत्येक बिलानंतर बघ,
तेरा वाजले असतील तर छाप
जेवलास का?

कुणाला विचारत होता?
दुकानात मराठी वाचणारा एकच, तो स्वतः.
रोज सकाळी तारीख घालायची, वेळ घालायची,
आणि दुपारी कुणीतरी विचारील
याची सोय लावून बसायचं.
तो व्हिसा संपवून गावी गेला,
नंतर वेळ कुणी घातली नाही.
नऊला सुरू, एकला बंद,
चारला परत मध्यरात्रीपासून.
तेरा कधी वाजलेच नाहीत.

शनिवारी दुकानात लॅपटॉप मांडला.
"बोलत नाही हा," हाजी म्हणाले, "आजारी आहे?"
मी म्हटलं, घसा जुन्याकडेच राहिला.
बिल पाच. लोबान, दोन किलो, हिरवट.
बिल सहा.
घड्याळ आता लॅपटॉपचं, म्हणजे मस्कतचं, खरं.
एक वाजून चार मिनिटं.

हाजी चष्मा कपाळावर सारून जवळ आले.
"अरे, हे! हे त्याच्या वेळी यायचं.
हे आलं की तोरसकर उठून हात धुवायचा.
मला वाटायचं, कंपनीचा काही नियम असेल."

मी अर्थ सांगितला.
ते स्क्रीनकडे नाही,
मागच्या नळाकडे बघत राहिले.

मग त्यांनी एन दाबलं.
का, माहीत नाही. माझं बोट वाय दाबणार होतं.
खाली उमटलं:
मग ऊठ.

शटर अर्धं खाली आलं.
डब्यात भात, सुरमई, वाळलेलं काळं लिंबू.
डबा एकाचाच.
बिल सातला कर्सर लुकलुकत होता
आणि मी अजून माझे पैसे सांगितले नव्हते.