शुक्रवारपर्यंत एक दुभाषी

बुधवारी पालेर्मोहून निरोप आला :
प्राध्यापकांची पाठ धरलीय, येणं जमणार नाही.
कवी मात्र मिस्राताहून निघाला होता,
ट्यूनिसपर्यंत बसनं, पुढं बोटीनं,
वय एकोणऐंशी.

मी मात्साराची ग्रंथपाल. माझ्याकडे चाळीस खुर्च्या, एक माइक,
आणि अरबीचं एक अक्षर नाही.

हॉस्पिटलमधला दुभाष्या म्हणाला,
मला ‘कुठं दुखतं’ येतं, ‘केव्हापासून’ येतं.
कवितेला हे विचारून चालेल का?
त्रापानीची एजन्सी म्हणाली, करारनामे करतो,
यंत्रांची माहितीपत्रकं करतो,
यमक असेल तर दर वेगळा.

शेवटी मासळीबाजारात कुणीतरी जुहैराचं नाव घेतलं.
बाप महदियाचा, आयुष्यभर इथल्या ट्रॉलरवर जाळी ओढली.
ती अकरा वर्षं आश्रय मागणाऱ्यांच्या चौकशीत बसते.
तिथं एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही.
रडणं कंसात लिहितात.
‘कविता?’ ती म्हणाली. ‘आधी शपथ असते का?’
नसते, म्हटलं.
बराच वेळ फोनवर नुसता वारा.
आली. ऑफिसचाच निळा कोट घालून.

मिफ्ताहला आमचे तीन शब्द येत होते :
कुजीना, फर्केता, मर्शाबेदी.
स्वयंपाकघर, काटा, फुटपाथ.
कुठं शिकलात, मी विचारलं नाही.
त्याच्या बापाला ते कुणी शिकवले
हे इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

तो वाचू लागला. रहाटावरून दोर सुटावा तसा आवाज.
‘मी सात वर्षांचा होतो,’ जुहैरा म्हणाली,
तारखा आणि सीमा सांगतात त्या सपाट सुरात,
‘माझा भाऊ पाच वर्षांचा. आम्ही दोघं पोहायचो
वास्कामध्ये.’

सगळ्यांना न्हाणीघरातला पांढरा टब दिसला.
पुढच्या रांगेत कुणी फिसकन हसलं.
‘दुभाषी दुरुस्ती करू इच्छिते,’ ती सवयीनं म्हणाली,
आणि दुरुस्ती काही सापडेना.

त्यानं कागद खाली ठेवला. हवेत चौकोन काढला.
शेजारी विहीर. उतारावरून जाणारा बैल.
रात्रभर भरणारं पाणी,
पहाटे चिंध्यांचा बोळा काढायचा की डाळिंबांकडे धावणारं.

मागून काल्लोजेरो ओरडला,
जो फक्त नंतरच्या वाइनसाठी येतो :
‘अगं, जेब्बिया! माझ्या आज्यानं बांधलेली,
संत्र्यांच्या बागेत अजून आहे!’

मिफ्ताहनं मान वर केली. ‘जाबिया.’
‘जेब्बिया.’
‘जाबिया,’ तो म्हणाला, पोहऱ्यात वाकून बघितल्यासारखा.
दोघांच्या मध्ये जुहैरा,
पहिल्यांदाच रिकाम्या हातांची.

मग त्यानं शेवटची ओळ वाचली.
छोटी. चार शब्द असतील, पाच.
आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.
तिनं पेला उचलला, पाणी न पिता ठेवला.
तो थांबला. तिच्याकडे बघून मान हलवली,
कागदाची घडी केली.

मागच्या रांगेत काल्लोजेरोनं टोपी काढली.
त्याला अरबी येत नाही.
पण त्याच्या बागेतल्या हौदाला
त्याच्या लहानपणापासून लोखंडी जाळी आहे.

पावतीवर मी पूर्ण दीड तास लिहिला.
ती ओळ काय होती,
मी अजून विचारलेलं नाही.