धोके या रकान्यात

गुरुवारी ससाणेनगरात नऊला लाइट जाते.
म्हणून बुधवारी रात्रीच सगळं चार्जिंगला:
फोन, पॉवर बँक, ताईचा जुना लॅपटॉप,
ज्याचं एन्टर एकदा दाबलं की तीन ओळी खाली जातं.

चौघांत मिळून एकच शीट उघडी.
फैजानचा कर्सर हिरवा, कोंढव्यातून.
इरावतीचा जांभळा, सिंहगड रोडवरून, जेवणं आटपल्यावर.
सुयोग ढमढेरे लॉगिन करत नाही, कंटाळा,
म्हणून कोपऱ्यात त्याचं नाव येतं: अनामिक साळिंदर.
आता वर्गातही तो साळिंदरच.

विषय: लघुउद्योगाचा अभ्यास. गुण वीस.
उद्योग: मागच्या गेटचं खळदकर झेरॉक्स,
सहा बाय आठ, मशिनं दोन, चालू एक.
काका म्हणाले, विचारा की,
फक्त मधेमधे उठावं लागेल.

फैजाननं फोन काउंटरवर ठेवला.
बोललेलं आपोआप टाइप होतं म्हणे.
घरी येऊन वाचलं तर
टोनरचं झालेलं 'तो नर',
पाठपोटचं 'पोटदुखी',
आणि मुलाखतीच्या ऐन मध्यात, काकांची बायपास चालू असताना,
'सहा रुपये प्राप्त झाले.'
पुन्हा, 'दोन रुपये प्राप्त झाले.'
भिंतीवरचा तो डबा आमच्याहून मोठ्यानं बोलत होता.
इरावती म्हणाली, खोडू नका,
हाच आपला विक्रीचा नमुना.
चाळीस मिनिटांत नऊ वेळा.

मग सूत्र लिहिलं आणि खाली ओढलं.
कागद, टोनर, भाडं, वीज.
एका पानामागे सुटतात एकतीस पैसे.
मी आकडा दोनदा तपासला,
दशांशचिन्ह कुठे घसरलंय का ते बघितलं.
नव्हतं घसरलं.

जुना हिशोब वहीत होता, दोनशे पानी, निळी.
मी उभ्या उभ्या फोननं पानं टिपली.
ॲपनं कोपरे स्वतःच ओळखले,
वाकडं सरळ केलं, माझ्या हाताची सावली पुसली,
बत्तीस पानांची एक फाइल बांधून दिली.
काका चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.
सावलीपण जाते की, म्हणाले.
मशीनला नाही जमत ते.
आणि मग, सहज, जसं कांद्याचा भाव विचारावा:
याचे किती घेतात?
फुकट आहे, काका.

डबा तेवढ्यात काही बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्री शेवटचा तक्ता उरला.
बलस्थानं भरली, उणिवा भरल्या,
संधीत इरावतीनं लिहिलं, 'रंगीत छपाई'.
धोके या रकान्यात
हिरवा आला, जांभळा आला, मीही येऊन थांबले.
लुकलुकणं फक्त.
मग साळिंदरानं एक शब्द टाइप केला:
आम्ही.

कुणीच काही म्हणालं नाही.
मिनिटाभरानं जांभळ्यानं तो खोडला,
लिहिलं, 'स्कॅनिंग ॲप्सचा वाढता वापर'.
बरोबरच आहे. गुण त्यालाच मिळतात.
पण जुन्या आवृत्त्या उघडल्या की अजून दिसतं,
अकरा बेचाळीस: शब्द आला.
अकरा त्रेचाळीस: गेला.

मॅडमना मात्र छापीलच लागतं, स्पायरल, दोन प्रती.
पेन ड्राइव्ह विसरलेला, म्हणून काकांना मेल केला.
त्यांनी चौदावं पान काढलं तेव्हा डावी कड कापली गेली.
काका च् च् करत म्हणाले, याचे नाही घेत,
आणि दुसरं काढून दिलं.
वाचलं नाही. शाई तेवढी बोटानं घासून बघितली.
'एकशे बावन्न रुपये प्राप्त झाले.'

बिघडलेलं पान त्यांनी उलटं करून
गठ्ठ्यावर ठेवलं, कोऱ्या बाजूनं वर.
मागच्या मुलानं काहीतरी सांगितलं,
आणि काका त्याच्यावर पेन्सिलीनं लिहू लागले:
ओळखपत्र, पाठपोट, पाच.