वजा तीन

दान्यांगच्या कारखान्यात मी काचा तपासते.
आठ तास दिव्याखाली
एकेक काच बोटांच्या टोकांवर धरायची,
तिरपी करायची,
ओरखडा, बुडबुडा, केसाएवढी रेघ,
काही दिसलं की डावीकडच्या लाल टोपलीत.
डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तसंच.
फक्त तेल चालत नाही,
बोटाचा ठसाही नाही.

गेली काही वर्षं
लहान मापाच्या काचा वाढल्यात.
फांग बाई म्हणतात, बरंय की, ओव्हरटाइम मिळतो.
मीही तेच म्हणायचे.

ओव्हरटाइम म्हणजे साडेतीन तास,
आणि साडेतीन तास म्हणजे घरी मूयाओ
आणि माझा जुना फोन, कोपऱ्यात तडा गेलेला.
शेजारचे छू आजोबा मधूनमधून दार वाजवायचे.
फोनात एक निळा ससा होता,
गाणी म्हणायचा, वीसपर्यंत मोजायला शिकवायचा.
भेटला असता तर मी त्याचे आभार मानले असते.
ती बिछान्यात कुशीवर,
ससा नाकापासून चार बोटांवर.
भात संपवायची. रडायची नाही.
खिडकीपाशी जायची नाही.
पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या आईला
आणखी काय हवं असतं?

शाळेत डोळे तपासतात.
भिंतीवर तक्ता, त्यावर एकच अक्षर,
तीन दातांचं, मोडक्या कंगव्यासारखं,
कुठे वर तोंड केलेलं, कुठे खाली,
कुठे भिंतीकडे रुसून वळलेलं.
दात कुठे आहेत ते हातानं दाखवायचं.
गेल्या वर्षी मूयाओनं सगळे बरोबर दाखवले.
यंदा तक्ता नवा होता.

"पुढे उभ्या मुलांचे हात बघून पाठ केलं होतं," म्हणाली,
"वर, वर, डावीकडे, खाली.
कवितेसारखं."

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं: वजा तीन.
हा आकडा मी रोज हजार वेळा हाताळते,
पाकिटावर छापलेला असतो.
कशातून काय वजा झालं
हे कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी ओव्हरटाइम नसतो.
छू आजोबा तिला फाटकाशी आणायचे.
सहाच्या भोंग्याला आम्ही दोनशे बायका
एकाच निळ्या कोटात, एकाच टोपीत बाहेर पडायचो,
आणि ती हात हलवायची.
फांग बाईंना, पॅकिंगच्या पोरींना,
सायकल ढकलत निघालेल्या रखवालदारालासुद्धा.
बायका म्हणायच्या, किती लाघवी पोर!
मी मिरवायचे.

चष्मा आला त्या शनिवारी
ती हात खाली सोडून उभी होती.
पन्नास बायका गेल्या, शंभर गेल्या,
कुणाला काही नाही.
मला वाटलं, बिनसलं काहीतरी.
मग गर्दीतून एकदम
एकच हात वर, सरळ माझ्याकडे,
बाणासारखा.

वाटेत विचारलं,
आधी सगळ्यांनाच का गं हात करायचीस?
चष्मा नाकावर सरकवत म्हणाली,
"त्यातली एक तू असायचीस."

डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज दोन तास उजेडात न्या.
मी सुटते तेव्हा उजेडही सुटलेला असतो.
रविवारी मात्र आम्ही कालव्यावर जातो.
वाळूच्या होड्या जातात, पोटापर्यंत बुडालेल्या,
ती त्यांच्यावरचे आकडे मोठ्यानं वाचते,
एका होडीवर वाळत घातलेले मोजेही मोजते.
मी खोटं सांगणार नाही,
निळा ससा अजून फोनात आहे.
कधी सर्दी होते तिला, कधी मला माणूस मिळत नाही.

सोमवारी ट्रेमध्ये पुन्हा लहान माप, वजा तीन.
एक काच दिव्याखाली जरा जास्त वेळ धरली.
फांग बाईंनी विचारलं, ओरखडा आहे का?
नाही, म्हटलं.
आणि उजवीकडे ठेवली.